कॅल्क्युलसच्या पेपरात गुण नेमके कुठून येतात : पदवीच्या पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शन

बारावीला गणितात पंच्याऐंशीच्या पुढे गुण घेतलेला विद्यार्थी बी.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलसमध्ये जेमतेम पास होतो आणि घरी ‘पेपर कडक तपासले’ एवढेच सांगतो. दरवर्षी निकालानंतर दोन-चार पालक हीच तक्रार घेऊन आमच्या विभागात येतात. पेपर कडक तपासलेले नसतात. तपासण्याची रीत बदललेली असते आणि ती त्या विद्यार्थ्याला कोणी नीट सांगितलेली नसते. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकाला २ गुण असतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. उत्तर कसे काढले, हे तिथे संगणक विचारत नाही. दोन वर्षे त्याच तयारीत घालवलेल्या मुलाला पदवीच्या पेपरात शेवटच्या उत्तराचा गुण बहुधा एकच असतो आणि बाकीचे गुण त्याच्या वरच्या ओळींवर वाटलेले असतात, हे कळायला एक निकाल खर्ची पडतो. तो खर्च वाचावा म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेपासून करावी. विद्यार्थी ती उघडतात ती बहुधा परीक्षेच्या आधल्या आठवड्यात, तेही ‘काय वगळता येईल’ हे पाहण्यासाठी. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालये संलग्न आहेत आणि त्यांच्यासाठी अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यासमंडळ ठरवते. स्वायत्त महाविद्यालये मात्र आपला अभ्यासक्रम, परीक्षा आणि मूल्यमापन स्वतः ठरवतात आणि पदवी विद्यापीठाची देतात. त्यामुळे एकाच शहरातल्या, अगदी एकाच गल्लीतल्या दोन मित्रांचे गुणविभाजन वेगळे असू शकते. मित्राच्या कॉलेजात चालते म्हणून आपल्याकडेही चालेल, असे गृहीत धरू नये. आपल्या वर्षाची, आपल्या पॅटर्नची पुस्तिका विभागातून किंवा संकेतस्थळावरून घ्यावी आणि तिच्यातले तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवावेत : पेपरचे क्रेडिट, लेखी व अंतर्गत गुणांची विभागणी आणि प्रत्येक घटकाला दिलेले तास.

क्रेडिट म्हणजे अध्यापनाच्या तासांचे माप. थिअरीचे १ क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचे १ क्रेडिट म्हणजे ३० तास. कॅल्क्युलसचा पेपर २ क्रेडिटचा असेल तर शिकवण्यासाठी सगळे मिळून ३० तास असतात. त्यांतून गणपती, दसरा आणि पावसाने बुडालेले दिवस वजा करून शिक्षकाला धावावे लागते, म्हणून प्रत्येक प्रकारचे उदाहरण वर्गात दोनदा होईल, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. घटकापुढे छापलेले तास प्रश्नपत्रिकेचाही अंदाज देतात. ज्या घटकाला बारा तास आहेत, त्याच्यावर चार तासांच्या घटकाइतकेच प्रश्न येतील, असे सहसा होत नाही. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या दुकानात मिळणारा कोणताही अपेक्षित प्रश्नसंच यापेक्षा जास्त सांगत नाही, असे माझे मत आहे.

अंतर्गत गुण

पेपर ५० गुणांचा आहे आणि त्यातले ४० गुण लेखी परीक्षेला, १० अंतर्गत मूल्यमापनाला आहेत, असे समजू. दहाच गुण म्हणून विद्यार्थी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक ते एकूण गुणांचा पाचवा भाग आहेत, आणि हा पाचवा भाग वही उघडी ठेवून, आठवडाभराची मुदत घेऊन, शंका विचारून मिळवता येतो. लेखी परीक्षेत ही सोय नाही. हे गुण चाचणी, गृहपाठ, सेमिनार, तोंडी परीक्षा यांपैकी कशाला आणि किती, हे बहुतेक ठिकाणी विभाग ठरवतो. म्हणून पहिल्या पंधरवड्यातच शिक्षकांना सरळ विचारावे. ‘सर, इंटर्नल कशावर आहे?’ या प्रश्नाने कोणी रागावत नाही. सबमिशनच्या आदल्या दिवशी तोच प्रश्न विचारला, तर मात्र रागावतात.

गृहपाठाच्या बाबतीत एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. लायब्निझच्या सूत्राने एका फलाचा एन-वा डेरिव्हेटिव्ह काढण्याचे उदाहरण मी घरी दिले होते. क्षचा वर्ग गुणिले ई-चा ३क्ष घात, असे ते फल होते. तपासायला बसलो, तर लागोपाठ अकरा वह्यांत शेवटच्या पदातला एन वजा एक हा कंस गळालेला. एका वहीचा फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरला होता, हे उघड होते. मी कोणाचेही गुण कापले नाहीत. त्या अकरा जणांना बोलावून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : सूत्रात दुसरे फल म्हणून क्षचा वर्गच का घेतला? त्याचा तिसरा डेरिव्हेटिव्ह शून्य होतो, म्हणून एन कितीही मोठा असला तरी विस्तार तीन पदांत संपतो, हे उत्तर दोघांनाच देता आले. गृहपाठाचे खरे गुण या उत्तराला असतात. मोबाइलवरचे अॅप सगळ्या पायऱ्या लिहून देते आणि त्यांवरून पडताळा घेण्यात गैर काही नाही, पण आधी स्वतः कागदावर अडकून पाहावे. आपण कुठे अडकलो हे ज्याला सांगता येते, त्याची शंका शिक्षक दोन मिनिटांत सोडवू शकतो.

हजेरीचा नियमही याच भागात येतो. ७५ टक्के उपस्थितीची अट सर्वांना माहीत असते, पण जुलै-ऑगस्टमध्ये ती मोडण्याचे कारण कोल्हापुरात बहुधा पाणीच असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने जिल्ह्यातले रस्ते बंद पडले, तेव्हा शिरोळ, करवीर, पन्हाळा भागातल्या मुलांना घराबाहेर पडणे अशक्य झाले होते. अशा वेळी चाचणी बुडाली तर रस्ता सुरू होताच विभागप्रमुखांच्या नावे तारखांसह साधा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले नोव्हेंबरपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि गुणांची यादी विद्यापीठाकडे भरली गेल्यावर तिच्यात दुरुस्ती करणे शिक्षकाच्याही हातात उरत नाही.

एक उत्तर, चार गुण

आता लेखी परीक्षेकडे वळू. ४० गुणांच्या पेपरात ८ गुणांचे बहुपर्यायी प्रश्न, तीनपैकी दोन दीर्घ प्रश्न प्रत्येकी ८ गुणांना आणि सहापैकी चार लघु प्रश्न प्रत्येकी ४ गुणांना, अशी मांडणी आहे असे धरू. मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहून आपल्या पेपरची मांडणी नक्की करून घ्यावी. पण खरा मुद्दा त्या ४ गुणांच्या आत आहे.

प्रश्न असा आहे : ० ते २ या बंद अंतरालावर क्षचा घन या फलासाठी लाग्रांजचे मध्यमान प्रमेय पडताळून पाहा. सर्वसाधारण विद्यार्थी थेट आकडेमोडीला लागतो. २ चा घन ८, ० चा घन ०, फरक ८, भागिले २, म्हणजे ४. डेरिव्हेटिव्ह ३ गुणिले क्षचा वर्ग. मधल्या एखाद्या सी या बिंदूशी डेरिव्हेटिव्ह या सरासरीइतका असतो असे प्रमेय म्हणते, म्हणून ३ गुणिले सीचा वर्ग बरोबर ४, आणि सी बरोबर अधिक-उणे २ भागिले वर्गमूळ ३. खाली दोन रेघा मारून तो पुढच्या प्रश्नाकडे जातो. आकडेमोडीत एकही चूक नाही, तरीही त्याला ४ पैकी २ गुण मिळतात, किंवा परीक्षक उदार असला तर अडीच. मग गुणपत्रिका हातात आली की तो म्हणतो, ‘सर, उत्तर तर बरोबर आलंय की!’

गुणदानाची योजना समोर ठेवून हेच उत्तर वाचावे. फल बहुपदी आहे म्हणून ते ० ते २ या बंद अंतरालावर संतत आहे, याला अर्धा गुण. त्याच कारणाने ते खुल्या अंतरालात प्रत्येक बिंदूशी डिफरन्शिएबल आहे, याला अर्धा गुण. समीकरण मांडून सोडवण्याला २ गुण. उणे किंमत अंतरालाबाहेर पडते म्हणून ती सोडून द्यायची, आणि २ भागिले वर्गमूळ ३, म्हणजे सुमारे १.१५५, ही किंमत ० आणि २ यांच्या मध्ये आहे हे लिहून प्रमेय पडताळले असे म्हणायचे, याला शेवटचा १ गुण. ‘पडताळून पाहा’ याचा अर्थच असा की प्रमेयाच्या अटी इथे पूर्ण होतात हे आधी दाखवायचे आणि त्याचा निष्कर्ष इथे खरा ठरतो हे नंतर. आपल्या विद्यार्थ्याने अटी लिहिल्याच नाहीत आणि दोन किमतींपैकी निवड केली नाही. दोन ओळींत दोन गुण गेले. असे चार लघु प्रश्न म्हटले की आठ गुणांचा फरक पडतो.

अटी पाठ करून लक्षात राहत नाहीत, हेही खरे आहे. मी वर्गात त्या पंचगंगेवरून सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि पावसाळ्यात हे आकडे कोल्हापूरकरांच्या तोंडी असतात. समजा, पाणी ३९ फुटांवरून ४३ फुटांवर यायला १६ तास लागले. चढण्याचा सरासरी वेग तासाला पाव फूट, म्हणजे ३ इंच झाला. पाणी कधी भराभर चढले असेल, कधी थबकले असेल, पण त्या १६ तासांत निदान एक क्षण असा असलाच पाहिजे की जेव्हा पातळी नेमकी तासाला ३ इंच याच वेगाने चढत होती. तो क्षण कोणता, हे प्रमेय सांगत नाही. तो आहे, एवढेच सांगते. हे खरे का मानायचे? पातळी मध्येच एकदम उडी मारत नाही, ही पहिली अट, आणि मधल्या प्रत्येक क्षणी तिला ठरावीक वेग असतो, ही दुसरी अट. दुसरी अट काढून टाकली तर काय होते, हे पाहण्यासाठी उणे १ ते १ या अंतरालावर क्षचे केवल मूल्य घ्यावे. दोन्ही टोकांना किंमत १ आहे, म्हणजे सरासरी उतार शून्य, पण आलेखावर शून्य उताराचा बिंदू कुठेच नाही, कारण शून्यापाशी टोक आहे आणि तिथे डेरिव्हेटिव्हच नाही. तोंडी परीक्षेत ‘अट कशाला हवी?’ असे विचारले जाते, तेव्हा हे एक उदाहरण पुरते. जाता जाता, ज्या मिशेल रोलच्या नावाचे प्रमेय आपण लाग्रांजच्या आधी शिकतो, तो सतराव्या शतकाच्या अखेरीस स्वतः कॅल्क्युलसचा कडवा टीकाकार होता. त्या काळचे कॅल्क्युलस पुरेसे काटेकोर नाही आणि त्यातून चुका होतात, असा त्याचा आक्षेप होता.

लोपिताल नियमाबाबतही गुण असेच जातात. क्ष शून्याकडे जाताना (क्ष अधिक १) भागिले (क्ष अधिक २) याचे लिमिट विचारले की हात सवयीने वरखाली डेरिव्हेटिव्ह घेतो आणि उत्तर १ येते. खरे उत्तर एक-द्वितीयांश आहे, नुसती किंमत घातली तरी मिळते. नियम लावण्याआधी ‘हे शून्य भागिले शून्य या रूपात आहे’ असे लिहिण्याची सक्ती स्वतःवर करून घ्यावी. त्या ओळीला गुण असतो, आणि ती लिहिताना नियम लागतच नाही हेही कधीकधी ध्यानात येते. नियम दुसऱ्यांदा लावायचा असेल तर ती ओळ पुन्हा लिहावी.

दीर्घ प्रश्नात प्रमेयाचे विधान आणि सिद्धता असते. विधान अचूक लिहिल्यास दोन गुण सहज हाती लागतात, सिद्धता अर्धवट राहिली तरी. म्हणून कोरा प्रश्न कधीही सोडू नये. एप्सिलॉन-डेल्टाच्या, म्हणजे लिमिटच्या काटेकोर व्याख्येच्या प्रश्नाला मुले घाबरतात, पण तिथेही रीत ठरलेली आहे. क्ष २ कडे जाताना ३क्ष अधिक १ याचे लिमिट ७ आहे हे दाखवायचे असेल, तर कच्च्या कामात फरक ३ गुणिले (क्ष वजा २) इतका आहे हे पाहून डेल्टा म्हणजे एप्सिलॉन भागिले ३ निवडावा, आणि पक्क्या उत्तरात ‘कोणताही धन एप्सिलॉन दिलेला असो’ येथून सुरुवात करून ती निवड पुरेशी आहे हे दाखवावे. कच्चे काम उजवीकडे समास आखून त्याच पानावर करावे. उत्तर फसले तरी परीक्षकाला विचाराची दिशा दिसते.

प्रॅक्टिकल आणि जर्नल

गणिताला प्रॅक्टिकल कसले, असे घरची माणसे विचारतात. ते असते, आणि त्याला स्वतंत्र क्रेडिट असते. दर आठवड्याला एका विषयावरची उदाहरणे सोडवायची असतात. काही ठिकाणी मॅक्झिमा, सायलॅब किंवा पायथन वापरून आलेख काढायचे असतात. मॅक्झिमा आणि सायलॅब विनाशुल्क मिळतात, त्यामुळे घरी संगणक असल्यास लॅबची वाट पाहावी लागत नाही. जर्नलमध्ये तारीख, उद्देश, वापरलेले सूत्र, सोडवलेली उदाहरणे आणि आलेख, असा क्रम ठेवावा आणि त्या त्या आठवड्यातच सही घ्यावी. शेवटच्या आठवड्यात दहा प्रॅक्टिकल एका रात्रीत उतरवणारा विद्यार्थी स्टाफरूमबाहेर रांगेत उभा असतो आणि सही करणारे सर नेमके दुसऱ्या कॉलेजला परीक्षक म्हणून गेलेले असतात. प्रमाणपत्राच्या पानावर विभागप्रमुखांची सही नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसण्यात अडचण येते. जर्नलची झेरॉक्स किंवा मोबाइलमध्ये फोटो ठेवावेत, कारण एसटीत विसरलेले जर्नल परत मिळाल्याचे माझ्या पाहण्यात फारसे नाही.

ग्रेड कशी बनते

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा बिंदूंच्या मापात ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ म्हणजे शून्य बिंदू. कोणत्या गुणांना कोणती ग्रेड, हे कोष्टक प्रत्येक विद्यापीठाचे आपले असते. एसजीपीए, म्हणजे एका सेमिस्टरची बिंदूंची सरासरी, काढताना प्रत्येक विषयाच्या बिंदूंना त्याच्या क्रेडिटने गुणायचे, सगळी बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचे.

एक नमुना करून पाहू. कॅल्क्युलस ४ क्रेडिट आणि ६ बिंदू, त्याचे प्रॅक्टिकल २ क्रेडिट आणि ९ बिंदू, भौतिकशास्त्र ४ आणि ७, त्याचे प्रॅक्टिकल २ आणि ८, रसायनशास्त्र ४ आणि ८, त्याचे प्रॅक्टिकल २ आणि ८, आणि भाषा २ क्रेडिट आणि ९ बिंदू. गुणाकार अनुक्रमे २४, १८, २८, १६, ३२, १६ आणि १८ येतात, त्यांची बेरीज १५२ होते आणि २० क्रेडिटने भागले की एसजीपीए ७.६ येतो. आता हाच विद्यार्थी भाषेत ९ वरून १० वर गेला तर ७.७ होईल, पण कॅल्क्युलसमध्ये ६ वरून ७ वर गेला तर ७.८ होईल. वरच्या उत्तरातल्या दोन गळालेल्या ओळींची किंमत इथे मोजली जाते. सीजीपीए म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या एसजीपीएची अशीच क्रेडिटनुसार सरासरी होय. टक्केवारी हवी असल्यास आपल्या विद्यापीठाने दिलेलेच सूत्र वापरावे. सीबीएसईच्या दहावीमुळे रूढ झालेली ९.५ ने गुणण्याची पद्धत नोकरीच्या अर्जात तशीच वापरणारे पदवीधर मी पाहिले आहेत, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत ते अडकतात.

लेखी आणि अंतर्गत, दोन्हींत स्वतंत्रपणे पास व्हावे लागते की बेरीज पुरते, हे नियमावलीत पाहून ठेवावे. विषय राहिला तर एटीकेटीच्या नियमात बसत असल्यास पुढच्या वर्गात प्रवेश मिळतो, पण राहिलेला कॅल्क्युलस पुढच्या सेमिस्टरच्या अभ्यासाच्या मानेवर बसतो, कारण डिफरन्शिअल इक्वेशन्सचा पेपर तुमची थकबाकी फिटेपर्यंत थांबत नाही.

निकाल पटला नाही तर

इथे माझीच चूक सांगतो. पदवीच्या शेवटच्या वर्षी एका पेपरात मला अपेक्षेपेक्षा अकरा गुण कमी पडले. मी रागाच्या भरात त्याच दिवशी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला, पैसे भरले आणि दीड महिना वाट पाहिली. एकही गुण वाढला नाही. मग उशिरा शहाणपण सुचून उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती उघडून बसलो. चार प्रश्नांत प्रमेयाच्या अटींची एक ओळही नव्हती. परीक्षकाने जिथे गुण कापले होते, तिथे मीही आज कापले असते.

म्हणून क्रम असा ठेवावा. निकाल लागताच मुदतीची तारीख पाहावी, कारण ती थोड्या दिवसांची असते. आधी छायांकित प्रत मागवावी. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क माहितीच्या अधिकाराखाली सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला आहे, त्यामुळे ती मागताना संकोच बाळगू नये. प्रत आल्यावर प्रथम मुखपृष्ठावरची बेरीज आतल्या गुणांशी ताडून पाहावी, मग एखादे उत्तर किंवा पुरवणी न तपासता राहिली आहे का, ते पाहावे. असे काही आढळले तर गुणपडताळणीचा अर्ज पुरेसा असतो. त्यानंतर विषयाच्या शिक्षकांकडे ती प्रत घेऊन जावे आणि त्यांना प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने स्वतःचे गुण लिहायला सांगावे. त्यांची बेरीज आणि परीक्षकाची बेरीज यांत चार-पाच गुणांचे खरे अंतर निघाले, तरच पुनर्मूल्यांकनाचे शुल्क भरावे.